अनेरला आलेला पूर

परवा आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी पुन्हा एकदा बुडून मेले. सावद्याच्या कुणा भाच्याला माळ्यावर जुनी कॅसेट सापडली, ती त्यानं मोबाईलवर उतरवून घेतली आणि दिली धाडून सगळ्यांना. दुपारचे तीन वाजलेले, पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत चिटपाखरू नाही, कूलरमधलं पाणी संपलेलं. मी अंगठा लावला आणि माझाच एकोणीस वर्षांचा गळा खोलीत गायला लागला.

नीज नीज माझे बाई, पाणी चढत चालले,
तुझ्या पाळण्याचे दोर माझ्या हातून सुटले.

खाली हात जोडल्याची चित्रं, रडक्या तोंडांची चित्रं. एकीनं लिहिलं, "सिंधूआत्या, अजून काटा येतो अंगावर." दुसऱ्यानं लिहिलं, "असं प्रेम आता कुठं राहिलंय!" अरे बाबांनो, काय सांगू तुम्हाला! मी मोबाईल पालथा घातला तरी गाणं चालूच राहिलं. ते बंद कसं करायचं हेही मला धड येत नाही. शेवटी उशीखाली दाबून ठेवला.

त्या गाण्यात एक बाई मरते. ती बाई मेली नव्हती. एवढंच सांगायला मी आज बसले आहे, आणि एवढंच सांगायला मला तेव्हा नऊ वर्षं लागली.

वैशाख लागला की मला हे होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ येते, सासरी गेलेल्या पोरी माहेरी यायला लागतात, लिंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी सुरू होतात. बाकीच्या बायकांना माहेर आठवतं. ती गाणी कानावर पडली की मी दार लोटून घेते, आणि उन्हातून कुणी बाई दाराशी येऊन उभी राहिली की हातातलं काम टाकून आधी तिचं तोंड बघते. भांडीवाली असते, नाहीतर पत्ता विचारणारी. मी पाणी देते तिला. प्यायल्याशिवाय जाऊ देत नाही.

मी एकोणीस वर्षांची होते त्या वर्षीचा वैशाख असाच पेटलेला होता. आमच्या सावद्याच्या केळीबागांची पानं गरम वाऱ्यानं चिरून त्यांच्या झालरी झाल्या होत्या. मी जळगावला कॉलेजात, परीक्षा उरकून घरी आलेली. आमच्या गावात नाना मास्तर होते, शाळेत मराठी शिकवायचे, पेटी वाजवायचे, आणि गावात काहीही घडलं की त्याची चाल बांधून मोकळे व्हायचे. त्यांनी संगीत नाटक लिहिलं होतं, 'अनेरचं पाणी'. डोंगरातली सोनकी आणि सपाटीवरचा मास्तर यांच्या प्रेमाचं. गोष्ट कुणाची ते शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. माझ्या चुलतभावाची, वसंतादादाची.

वसंतादादा शिरपूरच्या पुढं सातपुड्यात एका आश्रमशाळेवर गुरुजी होता. तिथल्या पाड्यावरच्या एका पावरा आदिवासी मुलीशी त्यानं त्यांच्या रीतीनं लग्न केलं होतं. गावाला कुणकुण होती, पण डोळ्याआड ते नाहीच, असा आमच्याकडचा हिशेब. मग आदल्या वर्षीच्या आखाजीला तो दीड वर्षाची पोर कडेवर घेऊन एस.टी.तून उतरला. म्हणाला, तिची आई अनेरच्या पुरात गेली. पोरीला काकूच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, पुढ्यात ठेवलं आणि महिन्याभरात समाजातल्या मुलीशी लग्न लावून विदर्भात बदली घेऊन निघून गेला. पोर राहिली. तिचं नाव गावानंच सुमन ठेवलं.

आता ऐका. अनेर ही आमची तापीला मिळणारी नदी. आखाजीला तिच्यात म्हशीचं शिंग बुडत नाही. आमचं अख्खं गाव केळीवाल्यांचं, पाण्यावर जगणारं. कुठल्या विहिरीला किती हात पाणी, कुठला नाला कुठल्या नक्षत्रात वाहतो, हे इथं म्हातारे झोपेत सांगतात. आणि त्या गावानं भर वैशाखात अनेरला पूर आल्याचं ऐकलं, च्‌ च्‌ केलं, आणि पुढं चालू लागलं. एकानं विचारलं नाही, "का रे वसंता, कसला पूर?" मीही नाही विचारलं. मला गायला मिळणार होतं.

तालमी शाळेच्या व्हरांड्यात चालायच्या. फरशीवर पाणी मारलं की वाफ निघायची. नाटकात सोनकी पोर घेऊन त्याच्या लग्नाच्या मांडवात येते, पोर त्याच्या आईच्या ओटीत देते. नानांनी पहिल्यांदा लिहिलं होतं ते एवढंच. शेवटी सोनकी दारात नुसती उभी राहते आणि पडदा. तर आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तालीम बघून विचारलं, "मंग पुढं काय? ते उभीच राहीन का?"

नाना म्हणाले, "उभी बाई स्टेजवरून न्यायची कशी, हाच तर पेच आहे आबा."

"नदी हाय ना जवळ," आबा म्हणाले.

झालं! दुसऱ्या दिवशी नाना रात्रभर जागून मरणाचं गाणं लिहून घेऊन आले. मी एकदा भीत भीत म्हटलंसुद्धा, "नाना, लग्न वैशाखातलं आणि पूर कसा येईल?" त्यांनी पेटीचा भाता दाबला आणि म्हणाले, "नाटकात येतो. तू सूर बघ."

मी सूर बघितला. काय सांगू, तो सूर माझ्या गळ्याला असा बसला की तालमीतच नानांचे डोळे भरून आले.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी गावात प्रयोग झाला. त्या एका वर्षात काकूनं सुमनला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. पोरीचं ताट ओसरीवर, पाण्याचा गडवा वेगळा. मारायची नाही, उपाशी ठेवायची नाही, पण कडेवरही घ्यायची नाही. प्रयोगाला काकू पुढच्या रांगेत बसलेली. मी कापडाच्या निळ्या लाटांमध्ये खाली खाली बसत गेले, दोर सुटल्याची ओळ म्हटली, आणि समोरून एक हंबरडा ऐकू आला. काकू उठली होती. मांडवाच्या कडेला झोपलेल्या सुमनला उचलून तिनं छातीशी धरलं होतं आणि म्हणत होती, "माह्या पोरीचं कुणी नाही व माय, कुणी नाही!" त्या दिवसापासून सुमन चुलीपाशी जेवायला लागली. आमरसाची पहिली वाटी तिला, सांजोरीतला गूळ आधी तिच्या तोंडात. गाव म्हणालं, सिंधूच्या गळ्यानं पोरीला घर दिलं. खोटं नव्हतं ते. मी आठ दिवस हवेत चालत होते.

मग काय विचारता. फैजपूर, यावल, चोपडा, भुसावळ, जिथं तिथं बोलावणी. कुणीतरी जळगावात कॅसेट काढली. बस स्टँडवर माझा आवाज, केळीच्या ट्रकवर माझा आवाज. लग्नाला गेले तरी बायका गराडा घालायच्या, "ते मरणाचं म्हण ना व, मरणाचं!" हळदीच्या अंगानं नवरी बसलेली, आणि मी आपली बुडून मरतेय. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. बाईचं जगणं ऐकायला कोण बोलावतं? मरण असलं की सतरंज्या पुरत नाहीत.

पुढच्या वैशाखात शिरपूरला प्रयोग होता. तिथल्या बायकांनी हट्ट धरला म्हणून खास बायकांसाठी दुपारचा. हंगाम संपलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये. पत्रा तापलेला, आणि कोपऱ्याकोपऱ्यांत राहून गेलेली सरकी आणि कापसाची पुंबडं. गाताना तोंडात तंतू जायचे. प्रयोग झाला, बायका डोळे पुसत गेल्या. मी वजनकाट्याच्या खोलीत तोंडाचा रंग पुसत बसले होते, एकटीच. दारात एक बाई येऊन उभी राहिली. गळ्यात चांदीच्या साखळ्या, कपाळावर गोंदण, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी असेल. आत ये म्हटलं तरी येईना. पावरी वळणाच्या अहिराणीत म्हणाली,

"भलतं चांगलं म्हनस तू. बठ्ठ्या बाया रडन्यात. मी बी रडनू."

मी हसले. अशा बायका सगळ्याच गावांत यायच्या.

"पन एक सांग," ती म्हणाली. "आखाजीले अनेरले पानी कोठे ऱ्हास? मी काय वाळूमा बुडनू?"

माझ्या हातातला बोळा तसाच गालावर राहिला. ती रायली होती, सुमनची आई.

तिनं आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. उंबऱ्यावर टेकली आणि तिनं शांतपणे सांगितलं. वसंतागुरुजी म्हणाला होता, आखाजीला पोर माझ्या आईला दाखवतो आणि आठ दिवसांत आणतो. आणली नाही. तिनं पावसाळा वाट पाहिली, हिवाळा पाहिली, पुन्हा दुसरा पावसाळा पाहिली. मग विचारत विचारत सावद्याला आली. बस स्टँडवर केळीच्या गाडीवरच्या हमालांना वसंतागुरुजीचं घर विचारलं, म्हणाली मी त्याची बायको. ते हसले. म्हणाले, त्याची ती बायको तर अनेरला बुडाली, तिचं नाटक आहे, ऐक, टेपवर लागलंय बघ.

"माले बी ऐकाडं त्यासनी," रायली म्हणाली. "मंग मी परत गऊ. मरेल बाई कोना घर जाई?"

मेलेली बाई कुणाच्या घरी जाणार! मी तिला विचारलं, तुला काय हवंय. ती म्हणाली, न्यायला येत नाही मी तिला. चांगली खाते-पिते असं ऐकलंय. "फक्त तिले सांगजो, तुनी माय जित्ती शे."

मी म्हटलं, "सांगते." स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून, शपथेवर म्हटलं. ती निघून गेली.

आणि मी सांगितलं नाही.

स्वतःची समजूत घालायला कारणं होती, चांगली दणकट कारणं. पोर काकूच्या कुशीत रुळली आहे. मेलेल्या आईची म्हणून घरात घेतलेली पोर जित्या आईची निघाली तर पुन्हा ओसरीवर जाईल. लहान आहे, मोठी झाली की सांगू. हे सगळं खरं होतं. पण ह्या सगळ्याच्या तळाशी आणखी एक होतं, ते आता साठीला आल्यावर लपवून काय मिळवायचं? सोनकी जिवंत आहे म्हटल्यावर नाटक बंद पडलं असतं. पुढच्या महिन्यात धुळ्याला प्रयोग होता, मोठ्या थिएटरात. मला धुळ्याला गायचं होतं. धुळ्याला मी अशी गायले की लोकांनी गाणं दोनदा म्हणायला लावलं. एका जिवंत बाईला मी त्या संध्याकाळी दोनदा मारलं.

लग्न होऊन मी जळगावला आले, नाटक सुटलं. सुट्टीत सुमन माझ्याकडे पिंप्राळ्याला यायची. शिडशिडीत, सावळी, हट्टी. टेपरेकॉर्डरला कान लावून कॅसेट ऐकायची, आणि अंथरुणात माझ्या पोटावर हात टाकून म्हणायची, "आत्या, आईचं गाणं म्हण." मी म्हणायचे. ती गाणं संपायच्या आत झोपायची. तिला आईचा चेहरा आठवत नव्हता, फोटो नव्हता. आई म्हणजे तो आवाज. तो माझा होता हे तिला कळत होतं आणि कळतही नव्हतं. एकदा माझा घसा बसला होता तर ती रडायला लागली, "आई आजारी आहे." मी बसक्या गळ्यानं तेच गाणं म्हटलं.

आमच्याकडे आखाजीला पितरांची घागर भरतात. मातीची घागर, तिच्यावर डांगर म्हणजे आमच्याकडचं खरबूज, आंबा, सांजोरी. उंबऱ्याला पूजा करून एकेका गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि कुंकवाचं एकेक बोट उंबऱ्यावर ओढायचं. काकूच्या घरी एक बोट सुमन ओढायची, आईच्या नावाचं. मी माहेरी असले की ते बघायचे. तहानलेल्या पितरांना ते पाणी पोचतं म्हणतात. जिवंत माणसाच्या नावानं भरलं तर ते कुठं जातं? मी कुणाला विचारणार?

सुमन बारा वर्षांची झाली त्या आखाजीला तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि मध्येच थांबली. "आत्या, बुडून गेलेल्याला पाण्याची घागर भरायची का ग? तिला तर पाणी पाणीच झालं असेल."

मी तिचा हात धरला. "सुमन, ते बोट ओढू नको." आणि उंबऱ्यातच बसून सांगून टाकलं. जिनिंगची शेड, रायली, सगळं. नऊ वर्षांचं एका दमात ओकले म्हणा ना.

मागं काकू उभी होती, हातात सांजोऱ्यांची परात. मला वाटलं आता परात फेकते. ती खाली बसली.

"मले ठावं हाय, शिंदू," ती म्हणाली. "आखाजीले अनेरले पाणी कुठून येईन? मी काय येडी हाय? वशा लबाड बोलला की मले त्याच्या डोयात दिसते. पण मेलेल्या बाईची पोर घरात घेता येते बाई. जितीची कशी घेऊ? ते कव्हाबी दारात येऊन म्हणीन, दे माही पोर." मग पदर तोंडाला लावून रडली. डोळे पुसून म्हणाली, "आता सांगितलं त ने तिले. पण परत आण. पोर माही हाय."

सुमन रडली नाही. हातावरचं कुंकू फ्रॉकला पुसलं आणि तिनं मला एकच विचारलं, "गाते का ग ती?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

रायली आता नाही. चार वर्षांपूर्वी गेली, तापानं, बाजेवर. तिच्या खऱ्या मरणावर कुणी गाणं केलं नाही. माझ्या कॅसेटीला मात्र मरण नाही, परवा बघितलंच तुम्ही. नाना मास्तर गेले, काकू गेली, वसंतादादा कुठंतरी नातवंडं खेळवतो. आणि भावकीतली निम्मी माणसं अजून सांगतात की ती पुरात गेली, फार प्रेम होतं दोघांचं. मी सांगायला गेले तर म्हणतात, "राहू दे आत्या, गाणं चांगलं आहे ना?" गाणं चांगलं आहे. तेच तर माझं दुखणं आहे.

सुमनला सांगितलं त्याच वर्षी, आखाजीनंतर चौथ्या दिवशी, मी तिला घेऊन शिरपूरला उतरले. पुढं वसंतादादाच्या जुन्या आश्रमशाळेपर्यंत जीप, मग पाड्यापर्यंत दोन कोस चाल. वाटेत अनेर लागली. पाय भिजले नाहीत, चपला वाळूनं भरल्या. सुमन मधोमध थांबून इकडं तिकडं बघत राहिली.

रायली अंगणात मोहाच्या बिया फोडत बसली होती. मला तिनं ओळखलं, मग माझ्या मागं बघितलं. दगड खाली ठेवला. उठायला गेली आणि पुन्हा बसली. सुमन माझ्या पदराआड. रायलीनं तिला तिच्या पहिल्या नावानं हाक मारली, आम्हाला कुणाला ठाऊक नसलेल्या. घोगरा, जाड आवाज होता तिचा, चुलीच्या धुरानं आणि डोंगरात हाका मारून मारून भरडलेला.

सुमन माझ्या कानाशी आली. "आत्या, ही नाही," ती म्हणाली. "आईचा आवाज असा नाहीये."

कुजबुजली होती, पण रायलीला ऐकू गेलं. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. घर घेतलं, नाव घेतलं, तिची पोर घेतली, आणि गळ्याची जागाही मीच घेऊन बसले होते. रायलीनं सुमनला पाणी दिलं, शेळीची पिल्लं दाखवायला शेजारच्या बाईबरोबर पाठवलं. मग माझ्यासमोर येऊन मांडी घालून बसली.

"ते गानं माले शिकाड," ती म्हणाली.

"अगं, ते तुझ्या मरणाचं आहे!"

"मरानं का व्हयेना. ती तेच वळखस ना? शिकाड."

मी तिला शिकवलं. एक ओळ मी, एक ओळ ती. शब्द तिच्या तोंडात बसत नव्हते, नानांची चाल अवघड, दोर सुटतानाची जागा तर चांगल्या चांगल्यांना येत नाही. ती चुकायची, हातानं थांब म्हणायची, पुन्हा पहिल्यापासून. घामानं तिचं गोंदण भिजून गेलं होतं. तास झाला असेल. ती आपल्याच बुडण्याच्या ओळी म्हणत होती, कपाळाला आठ्या घालून, पाढे पाठ करणाऱ्या पोरासारखी. सूर कुठला लागायला? मी बरोबरीनं गात होते, तिला सावरायला, तिचा आवाज माझ्या आवाजाखाली झाकला जात होता.

सुमन कधी परत आली कळलं नाही. शेळीचं पिल्लू हातात घेऊन ती कुडापाशी उभी होती, डोकं एका बाजूला कलवून ऐकत. आम्ही दुसऱ्या ओळीवर होतो.

"आत्या," ती म्हणाली, "तू गप्प बस ना जरा. मला ऐकू येत नाहीये."